तोकडा किलोमीटर

मी ड्रायव्हर. गाडी पळवण्यासाठीच आपला जन्म आहे अशी माझी लहानपणापासूनची समजूत, आणि रस्तेखात्याने मला नेमलं कुठे, तर मोजणीवाल्या बाईंच्या मागे. ताशी चार किलोमीटर! नऊ वर्षं मी पहिल्या गिअरमध्ये जीप सरकवत एका माणसाच्या पाठीकडे बघतोय. जीपच्या टपावर पिवळा फिरता दिवा, पुढे बाई, आणि बाईंच्या हातात त्यांचं चाक. मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला मला शिवी हासडून पुढे जातो. बाईंना मात्र कोणी काही बोलत नाही. त्यांच्याकडे बघितलं की शिवी घशातच अडकते.

चाक म्हणजे मोजचाक. लांब दांडा, त्याखाली रबरी धाव असलेलं एक चाक, आणि दांड्यावर आकड्यांची डबी. चाकाचा एक फेरा पुरा झाला की डबीत 'टक' होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. एक टक, एक मीटर. दोन मोठ्या शहरांना जोडणारा आमचा महामार्ग बाईंनी असा टकटक करत वेगवेगळ्या वेळी मिळून तीनदा तरी पायाखाली घातलाय. त्यांना अमुक पेट्रोल पंप कुठे म्हणून विचारा, त्या सांगणार, "एकशेचाळीस पूर्णांक सहाशे, डाव्या हाताला." घरचा पत्ता विचारला तर अडखळतात, कारण घर महामार्गावर नाही.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी शंभर मीटरची पोलादी फीत जमिनीवर अंथरायची, तिच्या कडेने चाक फिरवून बघायचं, मग ओल्या फडक्याने धाव पुसायची. "चिखल चिकटला की चाक जाडं होतं, ड्रायव्हर, आणि जाडं चाक अंतर कमी दाखवतं," असं म्हणून त्या माझ्या पोटाकडे बघायच्या. चालताना बोलायचं नाही. दर शंभर मीटरला डांबरावर खडूची रेघ मारायची. मध्येच कोणी हाक मारली आणि लक्ष उडालं, तर आधीच्या रेघेपर्यंत मागे जाऊन पुन्हा सुरुवात. पहिल्याच आठवड्यात मी उगाच हॉर्न वाजवला होता. बाई नव्वद मीटर मागे गेल्या, आणि त्यांच्या मागे मी रिव्हर्समध्ये. त्यानंतर मी शिंकसुद्धा दाबून टाकतो.

तर आमच्या महामार्गावर एक गंमत आहे. साधारण निम्म्यावर नदी लागते, नदीवर आठशेचाळीस मीटरचा पूल. पुलाच्या कठड्यावर ११७ हा आकडा रंगवलाय, आणि तिथून जेमतेम दोनशे पावलं गेलं की ११८. अख्खा किलोमीटर एकशेसाठ मीटरमध्ये खलास! आमच्या धंद्यात याला तोकडा किलोमीटर म्हणतात. रस्त्याचं एखादं वळण काढून तो सरळ केला की अंतर कमी होतं. मग पुढचे सगळे दगड उपटून पुन्हा रोवत कोण बसणार? म्हणून तिथला एक किलोमीटर तोकडा ठेवायचा आणि पुढे जायचं. त्यामुळे पुलावर तोकडा किलोमीटर आहे म्हटल्यावर खात्यात कोणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. पण पुलावरचं वळण कोण काढणार? पूल पहिल्यापासून पट्टीसारखा सरळ. खरं कारण वेगळंच होतं.

तीस वर्षांपूर्वी महामार्ग नवा झाला तेव्हा मोजणीला दोन गट निघाले, दोन शहरांतून समोरासमोर. एका गटात बाई, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. दुसऱ्या गटाचा मुकादम त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठा. ठरलं होतं असं, की जो गट पुलापाशी आधी पोचेल त्याने पूल मोजायचा आणि पलीकडच्या टोकाला कठड्यावर लाल ऑइलपेंटने निशाणी करायची. बाण, गट, तारीख, वेळ. ती बघून दुसऱ्या गटाने आपली मोजणी तिथेच थांबवायची. इतकं सोपं. पण दोन्ही गटांनी पूल मोजला आणि दोघांनीही आपापल्या आकड्यात धरला. एकच पूल महामार्गात दोनदा!

महिन्याभराने हे उघडकीला आलं. तोवर दगड रोवून झाले होते आणि उद्घाटनासाठी पुलाचे दोन्ही कठडे चुन्याने लख्ख पांढरे झाले होते. निशाणी होती की नव्हती, आता कसं कळणार? मोठ्या साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. मुकादम म्हणाले, "मी निशाणी केली होती." बाई म्हणाल्या, "निशाणी नव्हती. मी स्वतः बघितलं." मुकादमांच्या गटातले दोघे त्यांच्या बाजूने बोलले, पण आपल्या गटाची माणसं आपलीच बाजू घेणार, म्हणून त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. बाईंचं चाक चुकत नाही हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. मुकादम खोटे ठरले. सुपरवायझरची बढती तोंडाशी आली होती, ती गेली ती कायमची. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले तेही मुकादम म्हणूनच. साहेबांनी फाइलवर 'तोकडा किलोमीटर' लिहिलं आणि फाइल बंद केली.

पुढचं ऐकून मला कोणी खोटा म्हणेल, पण खात्यातल्या कोणालाही विचारा. मुकादम दर पंधरा दिवसांनी बसने दोनशेबारा किलोमीटर प्रवास करून बाईंच्या ऑफिसात भांडायला यायला लागले. वर्षभर भांडले. मग त्यांनी लग्नच केलं आणि बाई बदली घेऊन त्यांच्या शहरात आल्या. संसार दृष्ट लागण्यासारखा. फक्त पुलाचं नाव निघालं की घरात भांडी आपटायला लागायची. बाईंच्या माहेरी जाताना पूल आला की मुकादम बसमध्ये डोळे मिटून बसायचे.

या वर्षी महामार्ग रुंद करायला घेतला आणि सगळे दगड नव्याने रोवायचं ठरलं. आमच्या इंजिनिअर मॅडम वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच चाक आणि एकच माणूस. बाई, तुम्हीच." महिनाअखेरीला बाई रिटायर होणार होत्या. मोजणीच्या अहवालात एक रकाना होता: 'जुन्या मोजणीतील तफावत व तिचे कारण.' बाईंचा सगळा जीव त्या रकान्यात अडकला होता. "निरोपसमारंभ नको, शाल नको, काही नको," त्या मला म्हणाल्या. "पूल मुकादमांनी फुकटचा धरला, हे एकदा लेखी होऊ दे, ड्रायव्हर. मग मी मोकळी."

आम्ही पलीकडच्या शहरातून, शून्याच्या दगडापासून निघालो. पाच दिवस बाई अशा चालत होत्या की मला दुसरा गिअर टाकावा लागेल की काय असं वाटलं. सहाव्या दिवशी दुपारी एकच्या आत पूल समोर दिसला. एक बाजू वाहतुकीला बंद होती आणि ठेकेदाराची माणसं जुना कठडा पाडायच्या तयारीत होती. मोठं फोडायचं मशीन आणून उभं केलेलं. एक कामगार उजव्या कठड्यावर बसून आतला गज शोधत छिन्नीने चुन्याचे थर काढत होता. तीस वर्षांचा चुना, पापडासारखा सुटत होता.

बाई नेहमीप्रमाणे डाव्या कडेने चालत पुलाच्या तोंडाशी आल्या, खडूची रेघ मारली, आकडा वहीत लिहिला. तेवढ्यात तो कामगार ओरडला, "ओ बाई! इकडे चुन्याखाली काहीतरी लाल लिहिलंय!"

मी बाईंना काम चालू असताना रस्ता ओलांडताना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी चाक रेघेवर अलगद आडवं ठेवलं आणि पलीकडे गेल्या. मीही उतरलो. चुन्याखालून लाल बाणाचं टोक निघालं होतं. बाईंनी कामगाराच्या हातातून छिन्नी घेतली आणि स्वतः खरवडायला लागल्या. आधी बाण. मग 'गट दोन'. मग तारीख. मग शेवटी 'सकाळी साडेनऊ'.

"त्याच दिवशी मी इथे बारा वाजून दहा मिनिटांनी आले होते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार खोल गेला होता.

मग त्यांनी एकदा या कठड्याकडे बघितलं, एकदा त्या कठड्याकडे, आणि कपाळावर हात मारला. "अरे, हे उजवीकडे आहे! ते तिकडून आले, त्यांच्या डाव्या कडेने. निशाणी केली त्यांच्या डाव्या हाताला. मी इकडून आले, माझ्या डाव्या कडेने, आणि बघितलं फक्त माझ्या डाव्या हाताला! त्यांचा डावा हात म्हणजे माझा उजवा. आम्ही मोजणीवाले आयुष्यभर डाव्या कडेने चालतो, ड्रायव्हर. मान उजवीकडे वळवायची मला सवयच नाही."

मला वाटलं, आता बाई मटकन खाली बसणार. तीस वर्षं ज्या रकान्याची वाट बघितली तो त्यांच्यावरच उलटला होता. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच! त्यांनी माझा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता.

"मी चुकले, ड्रायव्हर! अरे, मी चुकले! तीस वर्षं माझ्या घरात खरं बोलणारा माणूस बसलाय आणि मी त्याला खोटा म्हणतेय! किती वाजले?"

"एक वाजून पाच."

"त्यांना घेऊन ये. आत्ता. हे त्यांनी बघायलाच हवं."

ठेकेदाराचा फोरमन पुढे आला. सहाच्या आत रस्ता मोकळा करून द्यायचा होता, त्यामुळे पाच वाजता मशीन चालू होणार म्हणजे होणार, मग ब्रह्मदेव आला तरी. बाईंनी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "बाई, मी थांबवू शकत नाही. पाचपर्यंतची वेळ मिळवून देते. तुम्ही फोटो काढून घ्या ना."

"फोटो काढलाय," बाई म्हणाल्या. "पण फोटो काय, कोणीही काढतं. त्यांना हात लावून बघू दे."

मुकादमांना फोन केला, तर पुलाचा 'पू' ऐकताच त्यांनी तो ठेवून दिला. बाई माझ्याकडे वळल्या. "काय बघितलं ते सांगू नकोस. माझ्या तोंडून ऐकायला हवं त्यांनी. बाकी काय वाटेल ते कर, पण आण."

पुलापासून घर पंच्याण्णव किलोमीटर. जाऊन येऊन एकशेनव्वद, आणि हातात चार तासांना पाच मिनिटं कमी. नऊ वर्षांनी पहिल्यांदा मी त्या जीपला चौथा गिअर दाखवला! आधी ती बिचारी बावरली, थरथरली, खोकली, मग अशी सुटली की टपावरचा दिवा डुगडुगायला लागला. दगड मागे पडत होते, १२०, १३१, १४८, आणि मी मोठमोठ्याने गात होतो. ज्या ट्रकवाल्यांनी मला इतकी वर्षं शिव्या घातल्या त्यांना मी एकेक करून मागे टाकलं आणि प्रत्येकाला हॉर्न देऊन सलाम ठोकला. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

मुकादमांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, बाहेर अरुंद गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेले बाईंचे कॅनव्हासचे बूट, तीन जोड. मुकादम बनियनवर बसून स्टुलाचा डगमगणारा पाय ठोकत होते. मला धापा टाकताना बघून त्यांच्या हातातली हातोडी खाली पडली.

"काय झालं तिला?"

"काही नाही. ठणठणीत आहेत. बोलावलंय तुम्हाला."

त्यांनी शर्ट चढवला, बटणं वरखाली लावली, चष्मा स्टुलावरच राहिला. ते जीपमध्ये येऊन बसले. मग खिडकीतून दगड ओळखून मागे मोजायला लागले. एकशेपासष्ट ओलांडल्यावर म्हणाले, "पुलावर नेतोयस ना मला?"

मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला.

"गाडी थांबव."

"मुकादम, वेळ नाहीये."

"थांबव म्हणतो ना!"

मी थांबवली. त्या माणसाचा आवाजच तसा होता. ते उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. घड्याळात चार वाजत आले होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. रुंदीकरणामुळे पुढे दोन ठिकाणी एकेरी वाहतूक होती, ती मला येतानाच दिसली होती.

"मला कळलंय कशाला बोलावलंय," ते म्हणाले. "ती रिटायर होतेय. अहवाल लिहायचाय. माझी सही हवी असेल. तिला जाऊन सांग, मान्य आहे. चूक माझीच होती. तीस वर्षं तोंडी ऐकलं, आता लेखी हवं असेल तर तेही देतो. पण त्या पुलावर उभं करून नको."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मी दात ओठ खाऊन ते गिळलं आणि मग माझा पाराच चढला. "मुकादम, नऊ वर्षं मी बाईंच्या मागे पहिल्या गिअरमध्ये सरपटतोय. आज एका दिवसासाठी मला ड्रायव्हर होऊ द्या! सही द्यायची असेल तर तिथे द्या. नसेल द्यायची तर तिथून मी तुम्हाला उचलून घरी नेऊन सोडतो. पण आत्ता बसा!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, खात्यातला कोणी ड्रायव्हर त्यांच्यावर असा ओरडला नसेल. बसले.

पहिल्या एकेरी वाहतुकीत आठ मिनिटं गेली. दुसऱ्यात मी टपावरचा दिवा चालू केला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि झेंडीवाल्याला ओरडून सांगितलं, "मोजणी अडलीय, मोजणी!" मोजणी काय अडणार आहे, कोणालाच कळलं नाही, पण त्याने सोडलं. पूल दिसला तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. मशीनवाला सीटवर चढून बसला होता. आणि बाई कठड्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, जणू कोणी तो कठडा उचलूनच नेणार होतं.

मुकादम उतरले. पुलावर पाऊल ठेवताना क्षणभर थबकले. बाई बाजूला झाल्या.

"काय आहे?" मुकादम डोळे बारीक करून म्हणाले. "चष्मा नाही माझ्याकडे."

बाईंनी त्यांचा हात धरून कठड्यावर ठेवला. ऑइलपेंटचा जाड थर बोटाला लागतो. मुकादमांनी बाणावरून बोट फिरवलं, टोकापासून शेपटीपर्यंत. मग 'गट दोन'वरून. बाई वाचत होत्या, "तारीख... सकाळी साडेनऊ." सगळे कामगार गोळा झाले होते. मशीनवालासुद्धा खाली उतरला. मी मनातल्या मनात उड्या मारत होतो. आता हा माणूस ओरडणार, हसणार, नाचणार, बाईंना चार गोष्टी सुनावणार! हक्कच होता त्यांचा.

मुकादम पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला लागले.

"म्हणजे मी केली होती," ते म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

"मला आठवत होतं. पहिली काही वर्षं तर स्पष्ट आठवत होतं. ब्रशचे केस गळत होते, तेसुद्धा." त्यांनी बाईंकडे बघितलं. "पण तू इतकं ठामपणे म्हणायचीस. तू तर कधी चुकत नाहीस. मग हळूहळू मलाच वाटायला लागलं, की नसेल केली. मीच खोटं बोललो असेन. पंधरा-वीस वर्षं मी तेच धरून चाललोय."

माझ्या उड्या तिथेच थांबल्या. बाईंचं हसू मावळलं. बढती गेली हे त्यांना माहीत होतं, खात्यात अपमान झाला हेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. त्यांनी निशाणी बघितली, वही मागितली. बाई तिथेच डांबरावर बसल्या, अहवाल मांडीवर घेतला आणि तो रकाना भरला. मॅडमनी वाकून वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एवढं लिहायची गरज नाही. पुलाची लांबी दोनदा धरली गेली, इतकं पुरे. आठ दिवसांनी रिटायर होताय तुम्ही."

"गरज आहे," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, मुकादमांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं:

"पुलाची निशाणी गट दोनच्या मुकादमांनी नियमाप्रमाणे आधीच केलेली होती. ती मी पाहिली नाही. तरीही निशाणी नव्हती असे मी सांगितले. मुकादम खरे बोलत होते. चूक माझी."

फोरमन घड्याळ बघत होता. पाच वाजून गेले होते, पण त्याने मशीन चालू करायला सांगितलं नाही. मुकादमांचा हात अजून कठड्यावरच होता.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

बाईंनी पुन्हा वाचलं.